जुना माल गोणीत : परभणीकडचे इंजिनकाम आणि गिऱ्हाइकाचा विश्वास

आमच्या सेलू तालुक्यातल्या माळवदाच्या घरात, बळदाच्या शेजारी, एक गोणपाटाची पिशवी कितीतरी वर्षे खुंटीला टांगलेली होती. तिच्यात एक काळवंडलेला पिस्टन, त्याच्या तुटक्या रिंगा आणि बेअरिंगच्या दोन अर्धगोल वाट्या होत्या. वडील हयात असेपर्यंत ती भंगारवाल्याला देण्याची कुणाची छाती झाली नाही. "तो पुरावा आहे," असे ते म्हणत. कुणाविरुद्धचा, आणि कोणत्या दरबारात मांडायचा, हे त्यांनाही नीट सांगता आले नसते.

मराठवाड्यातील यंत्रयुगाचा इतिहास आपण सहसा धरणांच्या, कारखान्यांच्या आणि सरकारी योजनांच्या बाजूने वाचतो. यंत्र बिघडल्यावर ते बैलगाडीत घालून तालुक्याला नेणारा माणूस त्या इतिहासात फारसा भेटत नाही. इंजिन उघडून पुन्हा बांधणारी दुकाने, त्यांतले लेथ, क्रँक घासण्याची यंत्रे आणि तिथे बाकावर बसून राहिलेले गिऱ्हाईक, यांच्यामध्ये एक अलिखित करार होता. तो कसा घडला, कशावर टिकला आणि कुठे तुटला, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

निजामाच्या बसपासून

परभणी जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. १९०० साली हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा मीटरगेज मार्ग मनमाडपर्यंत पोचला आणि परभणी, सेलू, मानवत हा कापसाचा पट्टा बाहेरच्या बाजारपेठांशी जोडला गेला. परंतु मुंबईहून येणारा माल मनमाडला मोठ्या गाडीतून उतरवून छोट्या गाडीत भरावा लागे. यंत्राचा एखादा सुटा भाग मागवला, तर तो असा हातोहात बदलत येई. पुढे कित्येक दशके हीच परिस्थिती राहिली. नवा भाग दूर असला की जुन्यालाच पुन्हा उभे करावे लागते. आपल्याकडच्या इंजिनकामाचे मूळ कारण हे आहे.

१९३२ साली निजाम स्टेट रेल्वेने रस्ते वाहतुकीचा स्वतंत्र विभाग काढला, तो २७ बसगाड्या आणि १६६ कर्मचाऱ्यांनिशी. गाड्या विलायती होत्या, आल्बियन बनावटीच्या. मराठवाड्याची एस. टी. १९६१ मध्ये महाराष्ट्राच्या महामंडळात विलीन झाली. सरकारी कार्यशाळांत मापाने, नोंदवहीत टिपून काम करण्याची शिस्त होती. खासगी दुकानांत तशी वही क्वचितच दिसे. तिथे माप उस्तादाच्या बोटांत आणि नोंद त्याच्या डोक्यात.

'उस्ताद' हा शब्द आपल्याकडे फारसीतून, हैदराबादच्या वाटेने रुळला. त्याच माणसाला 'मिस्त्री' म्हणतात, तो शब्द पोर्तुगीज 'मेस्त्रे'पासून, पश्चिम किनाऱ्याकडून आलेला. परभणीच्या गॅरेजात दोन्ही शब्द एकाच माणसासाठी चालतात, पण एक बारकावा आहे. काम चालू असते तेव्हा तो मिस्त्री असतो. आपले इंजिन त्याच्या हवाली करताना गिऱ्हाईक त्याला उस्ताद म्हणते.

पाच हॉर्सपॉवरचे इंजिन

गाडी मोजक्यांच्या दारात होती. इंजिन खऱ्या अर्थाने गावात आले ते विहिरीवर. साताऱ्यात कूपर आणि १९४६ पासून पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स यांनी देशी डिझेल इंजिने उपलब्ध केली. राजकोटची संथ फिरणारी, जड चाकाची इंजिनेही आली. १९७२ च्या दुष्काळाने विहिरींची निकड सर्वांनाच पटवली. २४ फेब्रुवारी १९७६ रोजी जायकवाडी प्रकल्पाचे उद्घाटन झाले आणि त्याच्या डाव्या कालव्याचा पल्ला परभणी जिल्ह्यापर्यंत होता. पाणी जवळ आले तरी ते वर उचलायला इंजिन लागतेच. वीज गावोगाव पोचायची होती, आणि पोचली तिथेही ती रात्री-अपरात्री येई.

या इंजिनावर किती ताण पडतो याची कल्पना यावी म्हणून एक साधा हिशेब मांडतो. पाच हॉर्सपॉवरच्या प्रचलित इंजिनाचा पिस्टन ११० मिलिमीटर खाली-वर होतो आणि दांडा मिनिटाला १५०० फेरे घेतो. म्हणजे पिस्टन मिनिटाला ३३० मीटर धावतो. आठ तास पाणी दिले तर दिवसाकाठी जवळजवळ १६० किलोमीटर, आणि तेही वीतभर नळीच्या आत. त्यात आपल्या काळ्या रानाची चैत्र-वैशाखातली धूळ. हवा गाळणाऱ्या डब्यातले तेल बदलायचे राहिले की ती धूळ आत जाते आणि वंगणात मिसळून कानशीसारखे काम करते. मग इंजिन तेल प्यायला लागते, निळा धूर सोडते, हँडल मारताना पूर्वीसारखी ओढ लागत नाही. "इंजनात दम राहिला नाही," असे म्हणत शेतकरी ते काढतो.

न दिसणारी मापे

दुकानात पुढे जे होते ते गिऱ्हाइकाला दिसते, पण कळत नाही. झिजलेली नळी रिबोअर करून किंचित मोठी करायची आणि तिच्यात मोठ्या मापाचा पिस्टन बसवायचा, किंवा लायनरच बदलायचा. क्रँकची झिजलेली गोलाई घासून बारीक करायची आणि त्या मापाच्या जाड वाट्या घालायच्या. ही मापे इंचाच्या हजाराव्या भागात, दुकानाच्या भाषेत 'थाऊ'मध्ये, सांगतात : दहा, वीस, तीस, चाळीस. दहा थाऊ म्हणजे मिलिमीटरचा चौथा भाग. साधारणपणे चाळीसनंतर क्रँक निवृत्त होतो. वाटी आणि क्रँक यांच्यामध्ये तेलाच्या थरासाठी ठेवायची फट तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजावी लागते.

दहाने भागत असताना वीसने घासला तर क्रँकचे निम्मे आयुष्य गेले, आणि गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नाही. पेटीवरचे नाव अस्सल आणि आतल्या रिंगा नकली, असेही होते. घासकामानंतर क्रँकमधल्या तेलाच्या वाटा नीट धुतल्या नाहीत, तर आत राहिलेली लोखंडाची किट्ट पुढे बेअरिंगवर येते. शिंप्याकडचा सदरा आखूड झाला तर लगेच कळते. इथे चूक बंद पेटीत असते आणि ती उघडी पडते तेव्हा पीक वाळत असते.

विश्वासाचे तीन खांब

मग हा व्यवहार चालला कसा? लोकांनी तीन रीती पाडल्या होत्या. पहिली, जुना माल परत देण्याची. काढलेला प्रत्येक भाग गोणीत घालून गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचा. भंगाराच्या किमतीपेक्षा त्यात बदल खरोखर झाल्याची साक्ष महत्त्वाची होती. दुसरी रीत, हजर राहण्याची. रिंगांची पेटी गिऱ्हाइकासमोर फोडायची, पिस्टन त्याच्यासमोर घालायचा. म्हणून माणसे भाकरी बांधून येत आणि दिवसदिवस बाकावर बसत. त्यांना मायक्रोमीटर वाचता येत नसे, परंतु उस्ताद घाई करतो आहे की नाही हे वाचता येई.

तिसरी रीत उधारीची, आणि माझ्या मते हाच मुख्य खांब होता. निम्मे पैसे आता, निम्मे सुगीवर. याकडे आपण केवळ शेतकऱ्याची अडचण म्हणून पाहतो. प्रत्यक्षात ती कामाची हमी होती. इंजिन हंगामभर चालले तर उरलेले पैसे मिळणार, नाहीतर बोलणी होणार. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम १७० कारागिराला एक मोठा हक्क देते : ज्या वस्तूवर त्याने मेहनत आणि कौशल्य खर्च केले, ती मोबदला मिळेपर्यंत त्याला अडवून ठेवता येते. उधारीवर इंजिन सोडणारा दुकानदार हा हक्क आपण होऊन सोडत होता. आपल्या कामावर त्याचा भरवसा आहे, याची याहून मोठी खूण ती कोणती?

पिशवीची गोष्ट

१९८१ च्या रब्बीत आमच्या विहिरीवरच्या इंजिनाने दम सोडला. गहू ओंबीवर येत होता. वडिलांनी इंजिन तालुक्याबाहेरच्या एका दुकानात नेले. दुकानाचे नाव लिहीत नाही. क्रँक वीसने घासला, वाट्या, पिस्टन, रिंगा नव्या घातल्या. कापूस एकाधिकार खरेदीत घातलेला होता, हप्ता हाती आला होता. वडिलांनी सगळी रक्कम रोख मोजली. उधारी ठेवणे त्यांना कमीपणाचे वाटे. पावती मागणे तर त्याहून कमीपणाचे.

नवव्या दिवशी इंजिन जागच्या जागी जाम झाले. वडील परत गेले तेव्हा दुकानदार म्हणाला, "पाटील, तेल नसंल पाहिलं तुम्ही." वडील म्हणाले, "तेल भरलेलं होतं. क्रँक घासलाच नाही तुम्ही." शब्दाला शब्द लागला. हातात कागद नव्हता आणि दुकानात आमचा एक पैसाही अडकलेला नव्हता. वडील इंजिन गाडीत घालून परतले. शेजाऱ्याचे इंजिन मिळेपर्यंत निम्म्या गव्हाचे दाणे पोचट झाले. त्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीचे लग्न पुढे ढकलले गेले. वडिलांनी कारण कुणाला सांगितले नाही, पण घरात सर्वांना ठाऊक होते.

पुढे जिंतूरच्या एका वृद्ध उस्तादांनी ते इंजिन उघडले. वाट्यांवर खोल ओरखडे होते. त्यांनी क्रँकच्या तेलाच्या छिद्रात तार घातली आणि काळी किट्ट बाहेर काढून वडिलांच्या तळहातावर ठेवली. नंतर त्यांनी विचारले, "नवं इंजन पहिले काही दिवस हलकं चालवलं होतं का?" वडील गप्प राहिले. गहू वाळत होता म्हणून इंजिन रात्रंदिवस चालवलेले होते. रिंगा आणि नळी एकमेकांना लागेपर्यंत कमी भारावर चालवायचे, पहिले तेल लवकर बदलायचे, हे दुकानात सांगितले होते की नाही, यावरही नंतर घरात दोन मते झाली. उस्तादांनी जुन्या वाट्या, पिस्टन आणि रिंगा गोणपाटात बांधून दिल्या. तीच ती पिशवी.

गिऱ्हाईक आणि ग्राहक

बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायदा मंजूर झाला आणि जिल्ह्याजिल्ह्यात ग्राहक मंच आले. 'सेवेतील त्रुटी' हा शब्द सामान्य माणसाच्या हाती आला. स्वतः राबून पोट भरणाऱ्याचे यंत्र केवळ व्यापारी वस्तू ठरत नाही, हेही पुढे कायद्यात स्पष्ट झाले. दुकानातल्या 'गिऱ्हाइका'चा कायद्याने 'ग्राहक' केला.

करार कायदाही तसा गिऱ्हाइकाच्या बाजूने मुका नव्हता. सोपवलेल्या वस्तूची, शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यावी, असे त्याचे कलम १५१ सांगते. पण दोन्ही कायद्यांना पुरावा लागतो. कोणते माप होते, कोणते केले, कोणता भाग घातला, चालवण्याच्या कोणत्या सूचना दिल्या, हे लिहिलेले नसेल तर न्यायासमोर फक्त दोन तोंडे उरतात. आपल्या जुन्या रीती माणसांची ओळख गृहीत धरून बनल्या होत्या. ट्रॅक्टर वाढले, दुकाने शहरात गेली, गिऱ्हाईक अनोळखी झाले. त्या वेळी रीती मागे पडल्या आणि त्यांच्या जागी कागद मात्र आला नाही. अनेक घरांचे नुकसान या मधल्या काळात झाले, असे मला वाटते.

आज चित्र पुन्हा बदलले आहे. विहिरींवर विजेच्या मोटारी आणि सौरपंप आहेत. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाच्या गाड्या आल्या. त्यांचे दुखणे संगणक सांगतो आणि अनेकदा भाग दुरुस्त न करता बदलला जातो. बिल छापील मिळते. जुना माल गोणीत मिळतोच असे नाही. जुन्या ट्रॅक्टरांवर मात्र क्रँक घासण्याची यंत्रे अजून फिरतात. तिथे मी अलीकडे एक चांगली गोष्ट पाहिली : घासण्याआधीचे आणि नंतरचे माप दुकानदार खडूने क्रँकवर लिहितो आणि गिऱ्हाईक मोबाइलवर त्याचा फोटो काढते.

वडील गेल्यानंतर मी पिशवी उघडली. वाट्या रॉकेलने धुतल्या. एकीच्या पाठीवर कोरलेले आकडे दिसू लागले : ०२०. वीस थाऊ. म्हणजे दुकानदाराने सांगितलेलेच माप घातले होते, आणि "घासलाच नाही" हा वडिलांचा आरोप खोटा होता. आतल्या अंगाला ओरखडेही तितकेच स्पष्ट होते, म्हणजे धुण्यातली कुचराईही बहुधा खरीच. रात्रंदिवस चालवलेल्या नव्या इंजिनाचा वाटा त्यात किती, हे मात्र लोखंड सांगत नाही. त्या दिवशी दोघांपैकी एकाने जरी चार ओळी लिहून ठेवल्या असत्या, तरी वडिलांना ही पिशवी एवढी वर्षे सांभाळावी लागली नसती. मी ती अजून भंगारात दिलेली नाही.