मामूंच्या पालावरची बंदूक

माझे मामू चाळीसेक वर्षं खेळणी विकतायत. इंदापूरचा चाँदशाहवली बाबांचा उरूस, तुकोबांच्या पालखीचा बारामतीचा मुक्काम, बेलवाडीचं रिंगण, कारखान्याच्या पट्ट्यातल्या छोट्यामोठ्या जत्रा आणि दोन्ही ईदला मोहल्ल्याच्या तोंडाशी बाजेवर मांडलेली खेळणी, असं त्यांचं वर्ष सरतं. एका रमजान ईदला त्यांनी मला पालाच्या मागे बोलावलं. खोक्यातून फोमच्या गोळीची एक बंदूक काढली आणि हळूच विचारलं, "भांजे, इसपे वो आयएसआयवाला छाप नहीं है. पकडे तो कितना लगेगा?"

मी फोनवर पाहून सांगितलं. भारतीय मानक ब्युरोच्या 2016 च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान दोन लाख रुपये दंड. आणि नुसतं विकणाराच नाही, विकायला मांडणारा आणि साठवणाराही त्यात येतो. मामूंनी पालाकडे एक नजर टाकली. ताडपत्री, बांबू, दोरीला टांगलेले फुगे, शिट्ट्या, भोवरे, बाहुल्या. सगळं मिळून वीस हजारांचा माल नव्हता.

ती बंदूक मी घरी आणली. तेव्हापासून तिच्या खानदानाचा शोध घेतोय.

आमच्या लहानपणी बंदूक म्हणजे टिकल्यांचं पत्र्याचं पिस्तूल. दिवाळीत हिंदू मित्रांबरोबर आम्हीही ते उडवायचो आणि उरलेले रोल ईदला काढायचो. त्यातून आवाज आणि धूर निघायचा, गोळी निघत नव्हती. फोमच्या गोळीचा वंश वेगळा. 1969 साली पार्कर ब्रदर्स या अमेरिकी कंपनीने नर्फ नावाचा फोमचा चेंडू बाजारात आणला. रेन गायर या खेळणी-संशोधकाची ती कल्पना. घरात खेळा, काच फुटणार नाही, अशी त्याची जाहिरात होती. वीस वर्षांनी, 1989 मध्ये, तोच फोम बंदुकीतून चेंडू म्हणून उडू लागला आणि 1992 मध्ये लांबट गोळी आली. तोवर मालकी हॅस्ब्रो कंपनीकडे गेली होती.

यात एक माणूस मला फार महत्त्वाचा वाटतो. लॉनी जॉन्सन. अलाबामातला कृष्णवर्णीय अभियंता, गुरूकडे गेलेल्या गॅलिलिओ यानावर काम केलेला. 1982 मध्ये घरी एका उष्णता-पंपाचा प्रयोग करताना नळीतून पाण्याची जोरदार धार सुटली आणि त्यातून पुढे सुपर सोकर ही पाण्याची बंदूक जन्मली. फोमच्या बंदुकांमध्येही त्याच्या संशोधनाचा वाटा होता. पण स्वामित्वधनासाठी त्याला हॅस्ब्रोशी भांडावं लागलं आणि 2013 मध्ये लवादाने कंपनीला 7 कोटी 29 लाख डॉलर द्यायला लावले. म्हणजे ज्या अस्सल मालाची नक्कल झाली म्हणून आपण नाक मुरडतो, त्या अस्सल मालालाही आपल्याच संशोधकाचे पैसे थकवल्याबद्दल लवादापुढे उभं राहावं लागलं. नक्कल करणाऱ्याचा गुन्हा यामुळे धुऊन निघत नाही. पण कोण कुणाचा चोर, हे खोक्यावरच्या नावावरून ठरत नाही.

नकलेचं गाव चेंगहाई. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या शांतौ शहराचा हा एक भाग. 1980 मध्ये चीनने जी पहिली चार विशेष आर्थिक क्षेत्रं उघडली, त्यांत शांतौ होतं. चेंगहाईत आज गल्लोगल्ली खेळण्यांचे कारखाने आहेत. एक साचा बनवतो, दुसरा प्लास्टिक ओततो, तिसरा स्प्रिंग पुरवतो, चौथा खोकं छापतो. चालणारं खेळणं दिसलं की त्याचा साचा तयार व्हायला वेळ लागत नाही. फोमच्या बंदुकीची यंत्रणाही तशी साधी. दट्ट्या मागे ओढला की स्प्रिंग दबते, घोडा दाबला की दट्ट्या पुढे धावतो आणि नळीतली हवा गोळीला ढकलते. बॅटरी नको, दारू नको.

हा माल आपल्याकडे यायला एक तारीख कारण आहे. जागतिक व्यापार संघटनेत अमेरिकेविरुद्धचा खटला भारत हरला आणि 1 एप्रिल 2001 पासून आयातीवरची संख्येची बंधनं उठली. त्यानंतर चिनी खेळणी मुंबईच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर उतरली, पुण्याच्या बोहरी आळीत आली आणि एसटीच्या टपावरून बारामती, इंदापुरात. मामूंचा धंदा याच काळात वाढला, हे ते स्वतः कबूल करतात. मोठ्या दुकानात हजाराच्या पुढे असणारी बंदूक त्यांच्या पालावर दीडशेला मिळू लागली. ऊसतोड कामगाराचं पोर आणि डॉक्टरांचं पोर जवळपास सारख्या दिसणाऱ्या बंदुकीने खेळू लागलं. ही गोष्ट छोटी नाही.

पण किंमत कुठून कमी झाली? मी मामूंची बंदूक स्क्रू काढून पाहिली. प्लास्टिक पातळ, स्प्रिंग जरुरीपेक्षा कडक आणि गोळीचं टोक बोटाने दाबलं तर दबत नव्हतं. लंडनच्या मूरफील्ड्स नेत्ररुग्णालयातल्या डॉक्टरांनी 2017 मध्ये अशा बंदुकांमुळे डोळ्यात रक्तस्राव झालेले तीन रुग्ण नोंदवले. त्यातला एक अकरा वर्षांचा मुलगा. तिथे तर निदान मूरफील्ड्स होतं. निमगाव केतकीच्या पोराला डोळ्याला लागलं तर त्याला आधी इंदापूर, मग पुणे गाठायचं.

आणखी एक गोष्ट मला टोचत होती. बंदूक काळी होती. अमेरिकेत 1988 च्या कायद्याने खऱ्यासारख्या दिसणाऱ्या खेळण्यातल्या बंदुकीच्या टोकाला भडक नारिंगी खूण सक्तीची केली. नर्फच्या बंदुकाही म्हणूनच पिवळ्या-निळ्या-नारिंगी, लांबून खेळणं वाटाव्यात अशा. नक्कल करणाऱ्याला मात्र काळा रंग जास्त खपतो. 22 नोव्हेंबर 2014 रोजी क्लीव्हलंडमध्ये बारा वर्षांच्या तामिर राइसला पोलिसांनी गोळी घातली. त्याच्या हातात खेळण्यातलं पिस्तूल होतं आणि त्यावरची नारिंगी खूण निघालेली होती. माझ्या बायकोला हे नाव ठाऊक नाही. तरी ईदच्या दिवशी आमच्या पोराने ती बंदूक घेऊन चौकात जायचं म्हटलं, तेव्हा तिने ती कपाटावर टाकली. "टोपी घातलीय त्याने," एवढंच म्हणाली. तिचं चुकलं असं मी म्हणू शकलो नाही.

तेव्हा नियम हवाच. सरकारने तो उशिरा आणला. जानेवारी 2009 मध्ये चिनी खेळण्यांवर सहा महिन्यांची बंदी घातली आणि मार्चमध्येच अटी घालून सैल केली. 2019 च्या एका सरकारी पाहणीत आयात खेळण्यांचे सुमारे दोन तृतीयांश नमुने नापास झाले. मग फेब्रुवारी 2020 मध्ये आयातशुल्क 20 वरून 60 टक्के झालं, 2023 मध्ये 70, आणि 1 जानेवारी 2021 पासून मानक चिन्हाशिवाय खेळणं विकायला मनाई. 2018-19 ची सुमारे 37 कोटी डॉलरची आयात 2021-22 मध्ये 11 कोटींवर आली. नोंदणीकृत हस्तकारागिरांना या नियमातून सूट आहे, हे बरं झालं.

पण जत्रेतल्या पालवाल्याचा विचार या कागदांत कुठे दिसत नाही. प्रेमचंदांच्या 'ईदगाह'मध्ये मातीचा शिपाई त्याच दिवशी मोडतो. तो घडवणारा जवळपासचाच कुणी असणार, आईबाप त्याला जाब विचारू शकले असते. मामूंच्या बंदुकीचा साचा बनवणारा, ती ओतणारा, आणणारा, बोहरी आळीत बिलाशिवाय देणारा, यांतला एकही माणूस तिच्या खोक्यावर नाही. खोक्यावर पत्ता नाही, नाव नाही, वर्ष नाही. तपासणीला कुणी आलं तर त्याला सापडणारा एकच माणूस आहे, तो पासष्ट वर्षांचा आणि बाजेवर बसलेला. आणि डोळा गेलेल्या पोराचा बापही येईल तो त्यांच्याकडेच.

हे सगळं मी मामूंना सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "छापवाला माल ठोकवाला उधार नहीं देता." ते खरं होतं. बिलाचा माल रोखीने घ्यावा लागतो आणि उरूस संपल्यावर उरलेला परत जात नाही.

त्यांनी उरलेल्या अकरा बंदुका मोजल्या. गोळ्यांची पाकिटं वेगळी काढून पिशवीत बांधली. पुढच्या उरुसाला त्यांच्या पालावर साबणाचे फुगे, लाकडी भोवरे आणि चिन्ह असलेल्या चार बंदुका होत्या, पिवळ्या. भाव तीनशे. संध्याकाळपर्यंत एक गेली. काळ्या अकरा अजून त्यांच्या माळ्यावर आहेत. फेकवत नाहीत, कारण त्यांचे पैसे देणं बाकी आहे.