जुन्या रायफलीची चीर बुजवावी का?

१/ जुनी लष्करी रायफल एखाद्या संग्रहात दाखल होते तेव्हा ती क्वचितच धड असते. लाकडाला चीर गेलेली असते, एखादा स्क्रू उपरा वाटतो, एखादा भाग नाहीसाच झालेला असतो. पाहणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो दुरुस्तीचा. परंतु जे मोडके दिसते, ते खरोखरच मोडलेले असते का? थ्री-नॉट-थ्री रायफलीच्या निमित्ताने या प्रश्नाचा शोध घेणारा हा धागा.

२/ ‘शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्ड’ ही रायफल ब्रिटिश लष्कराने विसाव्या शतकाच्या आरंभी स्वीकारली. तिचा गाजलेला ‘मार्क ३’ हा नमुना १९०७ चा. बोअर .३०३ इंच, मॅगझिनमध्ये १० गोळ्या. बंगालमधील इशापूरच्या कारखान्यातही ती तयार होत असे. २००८ च्या मुंबईवरील हल्ल्याच्या वेळी अनेक पोलिसांच्या हाती थ्री-नॉट-थ्रीच होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो थेट २०२० च्या प्रजासत्ताक दिनी.

३/ इतक्या दीर्घ सेवेत सर्वाधिक सोसले ते लाकडाने. या रायफलीचे लाकूड नळीच्या तोंडापर्यंत पोहोचते. गोळी सुटताच बसणारा धक्का पोलादी सांगाड्याकडून पुढच्या लाकडातील दोन लहानशा पृष्ठभागांवर येतो. लाकूड उन्हाने आकसले किंवा तेल मुरून मऊ पडले की हा सांधा सैल होतो. मग नेम बिघडतो आणि कालांतराने लाकूड चिरते.

४/ फौजेत या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. तेथील शस्त्रदुरुस्ती करणारा कारागीर, म्हणजे आर्मरर, एकच निकष जाणत असे: रायफल उद्या चालली पाहिजे. हिंदुस्थानात लाकूड दुभंगू नये म्हणून त्यातून आरपार एक आडवा स्क्रू बसवला जाई. संग्राहक आज त्याला ‘इशापूर स्क्रू’ म्हणतात. ग्रेनेड फेकण्यासाठी वापरायच्या रायफलींच्या लाकडाला तर तार घट्ट गुंडाळली जाई; जादा धक्क्याने ते फुटू नये, हा हेतू.

५/ आज ही तार काही जणांना कुरूप वाटते. ती उलगडून, स्क्रूचे भोक बुजवून, लाकूड घासून-पुसून रायफल ‘मूळ रूपात’ आणण्याचा मोह होतो. परंतु मूळ रूप म्हणजे नेमके कोणत्या वर्षाचे रूप? कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवसाचे, की ज्या अवस्थेत तिने वीस वर्षे पहारा दिला त्या दिवसांचे?

६/ पहिले उदाहरण. मार्क ३ च्या डाव्या बाजूस एक जादा नेमयंत्रणा असे, तिला ‘व्हॉली साइट’ म्हणत. संपूर्ण तुकडीने एकाच वेळी २,८०० यार्डांपर्यंतच्या लक्ष्यावर गोळ्यांचा वर्षाव करावा, ही त्यामागची कल्पना. खंदकांच्या युद्धात शत्रू काहीशे यार्डांवर, कित्येकदा त्याहूनही जवळ असे. १९१६ च्या ‘मार्क ३ स्टार’ नमुन्यात ही यंत्रणा वगळण्यात आली. दुरुस्तीला आलेल्या अनेक जुन्या रायफलींवरूनही ती काढून टाकण्यात आली.

७/ आज अशा रायफलीवर नव्याने घडवलेली व्हॉली साइट बसवली, तर ती १९१४ ची भासेल. मात्र एका सैन्याची युद्धाविषयीची समजूत कशी बदलली, याची पोलादावर उमटलेली नोंद त्याच क्षणी झाकली जाईल. तो भाग हरवलेला नव्हता. तो विचारपूर्वक काढलेला होता.

८/ दुसरे उदाहरण अधिक बोलके. इशापूरला काही रायफलींचे .४१० बोअरच्या मस्केटमध्ये रूपांतर झाले. नळीतील आटे काढून ती गुळगुळीत केली गेली आणि मॅगझिनची जागा लाकडी ठोकळ्याने बुजवली गेली. पहारा आणि दंगलनियंत्रण यांसाठी असलेल्या या शस्त्रातून एका वेळी एकच गोळी झाडता येई. दहा गोळ्यांची रायफल कोणाला द्यायची आणि एका गोळीची कोणाला, हा निर्णय त्या ठोकळ्यात दिसतो. ‘हा कसला अडथळा’ म्हणून तो काढणारा हात इतिहासाचे एक पानच फाडतो.

९/ तिसरे उदाहरण एनसीसीतून गेलेल्यांच्या परिचयाचे: डीपी रायफल, म्हणजे केवळ कवायतीसाठीची. गोळी झाडण्यास अयोग्य ठरलेल्या रायफलींवर ही अक्षरे उमटवत आणि त्या जाणीवपूर्वक निकामी करत. येथे नुकसान हीच सुरक्षितता आहे. शिवाय १९५९ चा शस्त्र कायदा जुन्या वा नादुरुस्त शस्त्रांना काही सवलत देतो, ती देताना शस्त्र दुरुस्त करूनही चालू शकणार नाही ना, हे पाहतो. दुरुस्तीचा प्रश्न कायद्याचाही आहे, तो असा.

१०/ मग काहीच करू नये काय? तसेही नव्हे. तीन प्रश्न विचारावेत. हे नुकसान सेवाकाळातले आहे, की नंतरच्या हेळसांडीचे? ते थांबलेले आहे, की वाढते आहे? आणि आज केलेली दुरुस्ती उद्या पूर्ववत करता येईल का? सेवाकाळातली, थांबलेली खूण राखावी. वाढणारा गंज आणि पसरणारी चीर मात्र रोखलीच पाहिजे. अन्यथा पुरावाच उरणार नाही.

११/ रोखण्याचीही रीत आहे. आधी प्रत्येक बाजूचे छायाचित्र आणि लेखी नोंद. लाकूड सांधायचेच झाले, तर पुढे ओलावा व उष्णता देऊन सोडवता येणारा सरस बरा. कायमचा चिकटणारा इपॉक्सी टाळावा. पॉलिश पेपर तर दूरच ठेवावा, कारण लाकडावर ठोकलेले शिक्के आणि क्रमांक घासले गेले की परत येत नाहीत. भाग बदललाच, तर जुना भाग चिठ्ठी लावून जपावा.

१२/ पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक हिंदी माणसे समुद्रापार धाडली गेली. त्यांत मराठा पलटणींचे शिपाईही होते. बहुतेकांना लिहिता येत नव्हते. त्यांच्या रोजनिश्या कोणत्याही दप्तरात सापडणार नाहीत. त्यांच्या हातांनी गुळगुळीत झालेले लाकूड आणि कोणा अनाम कारागिराने घाईत बसवलेला स्क्रू एवढेच काही ठिकाणी उरले आहे. चीर बुजवण्यापूर्वी ती वाचून घ्यावी, ती एवढ्यासाठी.