पाइपचा जोड आणि शब्दाचा जोड

दिवाळी अंकात लोखंडी पाइपचे काय काम, असे तुम्हाला वाटेल. पण आपण ज्या गावात आकाशकंदील लावतो ते ड्युसेलडॉर्फ पाइपच्या धंद्यावर मोठे झाले आहे. शिवाय यंदा माझ्या भाच्याने एक प्रश्न विचारला आणि त्याच्या उत्तरासाठी मला या गावाच्या इतिहासात शिरावे लागले.

भाचा चाकणला एका कारखान्यात खरेदी विभागात आहे. त्याच्याकडे वेल्डिंगच्या पाइपची एक खेप आली होती. भाव चांगला होता, कागदपत्रे पूर्ण होती. पण पाण्याचा दाब देऊन चाचणी घेतली तेव्हा तीन पाइप शिवणीवरच उकलले. मग प्रमाणपत्र नीट पाहिले, तर ते दुसऱ्याच मालाचे निघाले. नंबर तेवढे बदलले होते. "मामा, तुम्ही तर पाइपच्या माहेरघरी राहता. भरवशाचा पुरवठादार ओळखायचा कसा?" मी आयुष्यभर इतिहास शिकवला, पाइप कधी विकत घेतला नाही. तरीही प्रश्न मनात राहिला.

तुम्ही ऱ्हाईनकाठी फिरायला जाता तेव्हा मान्नेसमान-उफर हा रस्ता लागतो. हे नाव रेमशाइडच्या राइनहार्ड आणि माक्स मान्नेसमान या भावांचे. पत्रा वाकवून त्याच्या कडा जोडल्या की नळी तयार होते. पण दाब वाढला की ती त्या जोडावरच फाटायची. या भावांनी १८८५ च्या सुमारास भरीव पोलादी कांबीतूनच, शिवण न ठेवता, नळी काढण्याची रीत शोधली. १८९० साली बर्लिनमध्ये कंपनी स्थापन झाली आणि १८९३ साली तिचे मुख्यालय ड्युसेलडॉर्फला आले. पेटर बेहरेन्स यांनी बांधलेली १९१२ ची दगडी इमारत आजही नदीकाठी उभी आहे. म्हणजे कंपनीची सुरुवातच जोडावरच्या अविश्वासातून झाली. पुढे वेल्डिंग सुधारले, आणि तेल-वायूच्या मोठ्या व्यासाच्या वाहिन्यांसाठी वेल्डिंगचाच पाइप सर्रास वापरात आला. तेव्हा मान्नेसमाननेही तो बनवला.

पण जोड चांगला आहे हे सांगायचे कोणी? बनवणाऱ्याने स्वतःच सांगून भागत नाही, हा धडा जर्मनीला वाफेच्या बॉयलरनी दिला. १८६५ च्या जानेवारीत मानहाइमच्या एका बिअर कारखान्यात बॉयलर फुटला. पुढच्याच वर्षी तिथल्या बॉयलर मालकांनी तपासणीसाठी संघटना काढली. आपण दर दोन वर्षांनी गाडी जिथे दाखवतो त्या ट्युफचे मूळ तिथे आहे. पाइपच्या प्रमाणपत्रातही हेच तत्त्व आहे. युरोपीय मानक १०२०४ नुसार '३.१' प्रमाणपत्रावर कारखान्याच्याच, पण उत्पादन विभागाच्या हाताखाली नसलेल्या तपासनिसाची सही लागते. '३.२' असेल तर त्याच्या जोडीला खरेदीदाराच्या किंवा बाहेरच्या तपासनिसाचीही सही लागते.

हा विचार आपल्याला परका नाही. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणले. त्या जमिनीखालच्या नळावर ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले होते. त्यांतून हवा सुटे आणि आत डोकावूनही पाहता येई. जे जमिनीत पुरायचे त्यात डोकावायला जागा ठेवावी, हे त्या कारागिरांना ठाऊक होते.

इथवरचे उत्तर सोपे आहे. अवघड भाग १९६२ साली सुरू होतो. त्या ऑक्टोबरमध्ये मान्नेसमान, फिनिक्स-ऱ्हाइनरोर आणि होएश या तीन जर्मन कंपन्यांनी सोव्हिएत संघाला १,६३,००० टन मोठ्या व्यासाचे पाइप देण्याचा करार केला. (हॉफगार्टनजवळची तीन फळ्यांसारखी उंच इमारत, ड्रायशायबेनहाउस, ही फिनिक्सचीच.) नोव्हेंबरमध्ये नाटोने असे पाइप न देण्याची शिफारस केली आणि डिसेंबरमध्ये आडेनाउअर सरकारने निर्यात बंद केली. ब्रिटनने ती शिफारस बंधनकारक मानली नाही. मार्च १९६३ मध्ये बंदी उठवण्याचा प्रश्न बॉनच्या संसदेत आला, तेव्हा सत्ताधारी ख्रिश्चन डेमोक्रॅट खासदार सभागृहातून उठून गेले. गणसंख्या भरली नाही आणि बंदी कायम राहिली.

पाइप उत्तम होते, कागद खरे होते, तरी माल गेला नाही. सोव्हिएत संघाने चेल्याबिन्स्कला स्वतः मोठे पाइप बनवायला घेतले आणि द्रुझ्बा तेलवाहिनी १९६४ साली पूर्ण केली. बंदी १९६६ मध्ये उठली, पण तोवर गिऱ्हाईक स्वतःच कारखानदार झाले होते.

पुढे १ फेब्रुवारी १९७० रोजी एसेनमध्ये नवा करार झाला: जर्मनीने १२ लाख टन पाइप द्यायचे, डॉइश बँकेच्या पुढाकाराने कर्ज द्यायचे आणि त्या बदल्यात वीस वर्षे वायू घ्यायचा. आता एकमेकांची गरज होती, म्हणून शब्द टिकला. शीतयुद्धाच्या काळातही वायू येत राहिला. त्या भरवशावर आपल्या घरांतली हीटिंग चालली.

आणि मग २०२२ आले. रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि ऑगस्टअखेर नॉर्ड स्ट्रीम १ मधून वायू येणे थांबले. त्या वाहिनीचे बरेचसे पाइप इथून जवळच, म्युल्हाइममध्ये वेल्ड झालेले. सप्टेंबरच्या स्फोटांआधी ते शाबूत होते, तरी वायू नव्हता. १९६२ साली शब्द इकडून मोडला होता, या वेळी तिकडून. त्या हिवाळ्यात घरात स्वेटर घालून बसलो होतो आणि बिल बघून धास्तावलो होतो, हे तुम्हालाही आठवत असेल.

भाच्याला मी लिहिले ते असे. पाइपवर ठोकलेला हीट नंबर कागदावरच्या नंबराशी स्वतः ताडून पाहा. प्रमाणपत्र ज्याने दिले त्यालाच विचारून खात्री कर. चाचणीच्या वेळी आपला माणूस तिथे उभा करू देत नाहीत, तिथून भाव कितीही कमी असला तरी घेऊ नकोस. आणि हे सगळे जमले, तरी एकाच दारावर अवलंबून राहू नकोस. कारण वेल्डिंग पुरवठादाराच्या हातात असते, पण सरहद्द, सरकार आणि युद्ध त्याच्या हातात नसतात.

त्याचे उत्तर आले, "मामा, पुढच्या खेपेला मीच जातोय चाचणीला." आपल्या संघातली पुष्कळ मुले आज इथल्या कंपन्यांत खरेदीची कामे पाहतात. त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल, तर पुढच्या रविवारी मान्नेसमान-उफरवर जरूर एक फेरी मारा. मी सहसा तिथेच फिरत असतो. भेटू.