जंगो रायताड

गोंडी लोकगाथेतील तरुण नायिका व गोंड समाजाची मातृदेवता. ‘रायतार जंगो’ असेही नाव आढळते. ज्या लांबलचक गाथेत ती येते ती गोंडांचा मुक्तिदाता पहांदी पारी कुपार लिंगो याच्या नावाने ओळखली जाते. गोंडांची उत्पत्ती, त्यांचा गुहेतील बंदिवास, सुटका आणि गोत्रांची वाटणी असा तिचा विस्तार आहे. गोंडांचे भाट असलेले परधान गायक ती खंडाखंडाने गातात. कोणता खंड गायचा हे त्या दिवशीच्या देवकार्यावर ठरते, त्यामुळे अथपासून इतिपर्यंत सलग ऐकण्याचा प्रसंग विरळा.

कथा. आज सर्वाधिक प्रचलित असलेल्या पाठात काली कंकालीची तेहतीस मुले आईपासून दुरावतात आणि जंगो त्यांना आपल्या आश्रमात वाढवते. मुले दांडगी, खाण्यापिण्याचा धरबंध नसलेली. रागावलेला शंभू (महादेव) त्यांना कोयली कचारगडच्या गुहेत कोंडून तोंडावर प्रचंड शिळा लावतो. आई बाहेर आक्रोश करते. जंगो आणि लिंगो सुटकेचा मार्ग शोधतात, पण शिळा दोघांच्या बळाने हलण्यासारखी नसते. तेव्हा हिरासुका पाटालीर हा वादक गुहेच्या तोंडाशी बसून किकरी हे तंतुवाद्य वाजवतो. ते सूर ऐकून आतल्या मुलांच्या अंगात बळ संचारते, ती एकदिलाने रेटा देतात आणि शिळा गडगडते. तिच्याखाली हिरासुका चिरडला जातो. सुटलेली मुले लिंगोचे शिष्य होतात आणि पुढे गोत्रांची व्यवस्था लागते. मुक्तिदात्याचा मान लिंगोकडे गेला असला, तरी मुलांना जगवणारी जंगोच, आणि जीव जातो तो वादकाचा. वाद्य हेच ज्यांचे उपजीविकेचे साधन त्यांनी ही कथा सांभाळली, हे इथे ध्यानात घेतले पाहिजे.

लिखित पाठ. सर्वांत जुना विस्तृत पाठ स्टीफन हिस्लॉप याचा. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचा हा मिशनरी १८४५ मध्ये नागपूरला आला. त्याने एका परधानाच्या तोंडून ही गाथा उतरवून घेतली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट परिसरातील शिलावर्तुळांचे उत्खनन पाहून परतताना तो ओढ्याच्या पुरात बुडून मरण पावला. त्याची टिपणे मध्य प्रांताचा चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल याने संपादित करून १८६६ मध्ये प्रसिद्ध केली; त्यात गाथेचा गोंडी मजकूर रोमन लिपीत व सोबत इंग्रजी भाषांतर आहे.

या पाठात बंदिवासाचे कारण वेगळे आहे. गोंड काहीही खातात, अस्वच्छ राहतात, त्यांच्या दर्पाने डोंगर भरून गेला आहे, म्हणून महादेव एक खार सोडतो. तिच्यामागे धावत सगळे गुहेत शिरतात, चौघे भाऊ तेवढे बाहेर राहतात. गुहेला सोळा हात लांबीची शिळा लागते. आपल्या गोंडांचा वास येईनासा झाला, हे आधी लक्षात येते ते पार्वतीच्या; ती त्यांच्यासाठी तप मांडते. पुढे लिंगो येतो, चौघांना शेती व अग्नी मिळवून देतो. रिकाड गवाडीच्या सात मुली त्या भावांच्या बायका होतात, लिंगोला मोहात पाडू पाहतात आणि तो बधत नाही म्हणून त्याच्यावर आळ घेतात. भाऊ त्याला मारतात. अमृताने जिवंत झालेला लिंगो महादेवाकडे गोंड मागतो, अट म्हणून बिंदो पक्ष्याची पिल्ले आणायला जातो आणि त्यांना गिळणाऱ्या सर्पाला ठार करतो. लिंगोच्या मानाने जंगोच्या वाट्याला इथे फारच थोडे आले आहे. स्त्रिया दिसतात त्या मुख्यतः मोहिनी किंवा तपस्विनी म्हणून. पुढे बराच काळ अभ्यासक हाच पाठ प्रमाण धरून चालले, त्याची किंमत नायिकेला मोजावी लागली. जेम्स फॉर्सिथने तर मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ मुलखावरील आपल्या १८७१ च्या पुस्तकात लाँगफेलोच्या ‘हायवाथा’च्या चालीवर या गाथेचे पद्य रचले. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या जातिकोशातही ही कथा हिस्लॉपवरूनच उतरली आहे.

क्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ याने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात निजामाच्या राज्यात राहून आदिलाबादच्या परधानांकडून जमवलेली सामग्री १९४८ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाली. हा पाठ हिस्लॉपहून अधिक भरघोस आणि विधींना जोडलेला आहे.

तिसरा टप्पा मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५) यांचा. रामटेक तालुक्यातले कंगाली नागपुरात रिझर्व्ह बँकेत नोकरीला होते. ‘पारी कुपार लिंगो गोंडी पुनेम दर्शन’ या हिंदी ग्रंथाने त्यांनी गाथेला धर्मतत्त्वाची मांडणी दिली आणि जंगोला लिंगोच्या बरोबरीने उभे केले. अनाथांना व टाकलेल्या स्त्रियांना आसरा देणारी समाजसुधारक, ही तिची आजची प्रतिमा या टप्प्यानंतर रुळली. ती मौखिक परंपरेत आधीपासून कितपत होती, यावर एकमत नाही.

भाषा. गोंडी. २०११ च्या जनगणनेत ती मातृभाषा सांगणारे सुमारे २९.८ लाख.

गायन. किकरी हे तीन तारांचे, गजाने वाजवायचे वाद्य. परधान हे गोंडांचे वंशपरंपरागत भाट. यजमान गोंडाच्या देवकार्यात तेच गातात आणि दान घेतात. आदिलाबादेत हायमेनडॉर्फला आढळले की या परधानांची घरची बोली मराठी, गाथा मात्र गोंडीत. गोंडांचे पुराण मराठी बोलणाऱ्या गायकांनी पाठ करून ठेवले, ही बाब मराठी वाङ्मयेतिहासात जवळजवळ अनुल्लेखित आहे.

स्थाने. गाथेतील गुहा म्हणजे गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यातले कचारगड, असे मानतात. मुंबई–हावडा लोहमार्गावरचे दरेकसा हे जवळचे स्थानक. माघ पौर्णिमेला यात्रा भरते. दुसरे स्थान जंगुबाईचे, महाराष्ट्र–तेलंगण सीमेवरील परंडोली–महाराजगुडा भागात. तेथे पूस (पौष) महिन्यात ठरावीक आठ गोत्रांचे लोक जमतात आणि गुहेतल्या देवीला दिवा लावतात. ही गावे दोन्ही राज्यांच्या दाव्यातील आहेत. जंगो आणि जंगुबाई एकच, असे बहुतेक भाविक मानतात. अभ्यासकांत दोन्ही मते आहेत.

मारेगाव. वरील दोन स्थानांपैकी जंगुबाईच्या स्थानाला जवळचा, यवतमाळ जिल्ह्यातील (१९०५ पूर्वीचा वणी, इंग्रजी कागदोपत्री ‘वून’ जिल्हा) तालुका. वस्तीत गोंड, परधान व कोलाम लक्षणीय. तालुक्यातील काही गावे १९८५ च्या आदेशाने अनुसूचित क्षेत्रात. पैनगंगेपलीकडचा आदिलाबादचा मुलूख जवळ असल्याने या पट्ट्याला कचारगडपेक्षा जंगुबाईचे स्थान जवळचे. कोलामांची भाषा कोलामी आणि देव निराळे. त्यांना या गाथेचे वारस धरणे चूक आहे. मात्र आदिलाबादकडचे गोंड कोलामांना ‘पुजारी’ म्हणतात, कारण त्या भूमीच्या देवांची पूजा ते कोलामांकडूनच करवून घेतात.