मुडदुसाची कारणमीमांसा आणि हॅरिएट चिक

मुडदूस हा बालकांच्या वाढत्या हाडांचा विकार होय. हाडांत चुन्याचे क्षार पुरेसे न साठल्यामुळे ती मऊ राहतात, मनगटे जाड होतात आणि चालू लागताच पाय वाकतात. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस यूरोपातील मोठ्या शहरांत हा विकार घरोघर आढळत असे. तथापि त्याच्या कारणाविषयी वैद्यकांत एकवाक्यता नव्हती. एडवर्ड मेलनबी यांनी १९१८–१९ च्या सुमारास कुत्र्याच्या पिल्लांवर प्रयोग करून अन्नातील एका स्निग्धविद्राव्य घटकाच्या अभावाकडे बोट दाखविले होते. बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी १९१९ मध्ये पारद-बाष्पाच्या दिव्याखाली ठेवून मुडदूस झालेली बालके बरी केली. ग्लासगो येथील पक्ष कोंदट घरे व व्यायामाचा अभाव यांना दोष देत होता. आणि हा रोग संसर्गजन्य असावा, असे मानणारेही होते. तेल आणि प्रकाश या सर्वथा भिन्न वस्तू एकच रोग कशा बऱ्या करू शकतील, हा खरा पेच होता.

हा पेच माणसांच्या बाबतीत सोडविण्यास ज्यांचे कार्य निर्णायक ठरले, त्या हॅरिएट चिक (१८७५–१९७७) मूळच्या जंतुशास्त्रज्ञ. १९०५ साली लंडनच्या लिस्टर संस्थेत त्यांनी अर्ज केला, तेव्हा स्त्रीची नेमणूक होऊ नये असा आग्रह तेथील काही संशोधकांनी धरला होता. परंतु नेमणूक झाली. जंतुनाशकांच्या क्रियेचा वेग व प्रथिनांचे उष्णतेने होणारे साकळणे यांवरील कामातून त्यांच्या ठायी मापनाची जी शिस्त बाणली, तीच पुढे उपयोगी पडली. युद्धकाळात त्या पोषणाच्या अभ्यासाकडे वळल्या.

१९१९ साली त्या व्हिएन्नास गेल्या. पराभूत राजधानीत दूध, लोणी व इंधन यांचा दुष्काळ होता. प्रौढांतही अस्थिमार्दव बळावले होते. क्लेमेन्स फॉन पिर्के यांच्या बालरुग्णालयात, एल्सी डॅलयेल व मार्गारेट ह्यूम यांच्या साहाय्याने, १९२२ पर्यंत हे कार्य चालले. स्वतः पिर्के यांचा ओढा संसर्गाच्या उपपत्तीकडे होता. तरीही त्यांनी वॉर्ड खुले करून दिले, ही गोष्ट नमूद करण्याजोगी आहे.

प्रयोगाची आखणी साधी होती. तान्ह्या मुलांच्या एका गटास रुग्णालयात रूढ असलेला दूध-साखरेचा आहार दिला; दुसऱ्यास पूर्ण सायीच्या दुधाची भुकटी व कॉड माशाच्या यकृताचे तेल. शुश्रूषा, स्वच्छता व निवास दोहोंस समान. हाडांची स्थिती क्ष-किरण चित्रांनी पारखली जाई. हिवाळ्यात पहिल्या गटातील पुष्कळ बालकांना मुडदूस झाला, दुसऱ्या गटातील बालके त्यातून सुटली. उन्हाळ्यात मात्र दोन्ही गट निरोगी राहिले. झालेला रोग तेलाने, उन्हाने किंवा दिव्याच्या किरणांनी सारखाच बरा होई. संसर्ग हेच कारण असते, तर एकाच वॉर्डात राहणाऱ्या गटांत असा भेद पडता ना. ऋतूचा हिशेब ठेवला नसता, तर उन्हाळ्याच्या आकड्यांवरून आहाराचा काहीच परिणाम नाही, असा चुकीचा निष्कर्ष निघाला असता.

याच सुमारास भारतातूनही जुळणारा पुरावा पुढे आला. नाशिक येथील निरीक्षणांवर आधारलेल्या, १९२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पडदा पाळणाऱ्या सुस्थित घरांत मुडदूस आढळला. निकृष्ट आहारावर, पण उघड्यावर वावरणाऱ्या गरिबांत तो आढळला नाही. व्हिएन्नातील हिवाळा आणि नाशिकचा पडदा यांचे कार्य हाडांच्या दृष्टीने एकच होते.

उरलेला दुवा इतरांनी जुळविला. त्याच वर्षी मॅकॉलम यांनी हा घटक ‘अ’ जीवनसत्त्वाहून वेगळा असल्याचे दाखविले. १९२४ मध्ये स्टीनबॉक व हेस यांनी, जंबुपार किरणांनी अन्नातच मुडदूसनाशक गुण उत्पन्न होतो, हे स्वतंत्रपणे सिद्ध केले. त्वचेतही तेच घडते. तेल व प्रकाश हे एकाच ‘ड’ जीवनसत्त्वाचे दोन मार्ग ठरले.

चिक यांनी ‘ड’ जीवनसत्त्व शोधले नाही. परस्परविरोधी वाटणारी दोन सत्ये एकाच वॉर्डात, एकाच मापाने मोजून त्यांनी विरोधाचा निरास केला. प्राण्यांवरील प्रयोग आणि बालकाच्या खाटेजवळचा उपचार यांमधील अंतर अशाच श्रमाने भरून निघते.