तोफेपासून तेलाच्या दाबापर्यंत

परंड्याच्या किल्ल्यांत एके काळीं मुलूखमैदान तोफ होती. १५४९ सालीं अहमदनगरास ओतलेली ही सुमारें ५५ टनांची तोफ १६३२ सालीं विजापुरास नेली गेली. त्या काळीं असें ओझें हलविण्यास जनावरांचें व माणसांचेंच बळ लागे.

पुढें पास्कलनें दाखविलें कीं, कोंडलेल्या द्रवावरील दाब सर्व दिशांस सारखाच पोंचतो. १७९५ सालीं इंग्लंडांत ब्रामानें या तत्त्वावर दाबयंत्राचें पेटंट घेतलें. परंतु दट्ट्याभोंवतींची गळती थांबेना. अखेर चामड्याच्या वाटीनें ती थांबली. तिचें श्रेय त्याचा कारागीर मॉडस्ले यास देतात.

१९५७ सालीं अमेरिकेंतील मिनेसोटांत केलर बंधूंनीं टर्की कोंबड्यांच्या खुराड्यांतील खत उपसण्यासाठीं जागच्या जागीं वळणारें लहानसें लोडर घडविलें. त्याच्या आजच्या वंशजांचे हात तेलाच्या दाबानें उचलले जातात.

असें यंत्र जुनें झालें, म्हणजे ब्रामाचीच अडचण पुन्हा उभी राहते. रबरी सील कडक होतें, तेलांत माती शिरते, दांड्यावर ओरखडे पडतात. आणि ओरखडलेल्या दांड्यावर बसविलेलें नवें सीलही लौकरच फाटतें. गळती आंतल्या आंत असेल, तर बाहेर थेंबही दिसत नाहीं. उचललेला हात मात्र हळूहळू खालीं बसतो. म्हणून जाणता मिस्त्री प्रथम हातास पक्का टेकू देतो, दाब उतरवितो व मगच नळी सोडतो. बारीक छिद्रांतून उडणारी धार कातडी भेदून आंत शिरते. ती बोटानें चाचपणें जिवावर बेतूं शकतें.

तोफेचें ओझें डोळ्यांस दिसे. नळींत कोंडलेलें बळ दिसत नाहीं, हाच खरा धोका होय.