भाडेकरूची माती

भाडेकराराच्या शेवटच्या पानावर घरातल्या वस्तूंची यादी असते. आमच्या यादीत ३ पंखे, ५ ट्यूबलाइट आणि १ गीझर होता. गच्चीवरच्या मातीचा उल्लेख नव्हता, कारण चार वर्षांपूर्वी घर घेतलं तेव्हा ती नव्हतीच. विटांचे तीन गादीवाफे मी नंतर केले. त्यात सोसायटीत झाडून जाळला जाणारा पालापाचोळा, रसवंतीतलं उसाचं चिपाड, स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि थोडं शेणखत घातलं. पहिल्या वर्षी मेथीनेसुद्धा दगा दिला. चौथ्या वर्षी पाल्याचं आच्छादन बाजूला केलं की बोट सहज आत जायचं. मग घर सोडायची वेळ आली आणि मालक म्हणाले, "वाफे राहू द्या, पुढच्या भाडेकरूला आवडतील."

मला ते भलतंच लागलं. माती कुणाची, हा प्रश्न तोवर मला कधी पडलाच नव्हता. हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये लोकांनी चक्क करारात सोडवून ठेवला होता, हे मला प्योत्र क्रोपॉटकिन या रशियन अराजकतावाद्याच्या पुस्तकात सापडलं. १८९९ साली पुस्तकरूपाने आलेल्या 'फील्ड्स, फॅक्टरीज अँड वर्कशॉप्स'मध्ये तो सांगतो की पॅरिसचे भाजीवाले माळी जमीन भाड्याने घेताना अट घालत, की जागा सोडताना ठरावीक खोलीपर्यंतची माती आम्ही घेऊन जाणार. आणि ते खरंच नेत. काचेच्या चौकटी, पाण्याचे नळ आणि माती, सगळं गाडीत.

या माळ्यांना 'मारेशे' म्हणत. 'मारे' म्हणजे दलदल. तिथली भाजी पूर्वी दलदलीच्या जमिनीत पिकायची, त्यावरून हे नाव. १८४५ मध्ये मोरो आणि दाव्हर्न या दोन मारेशेंनी आपल्या धंद्याची सविस्तर माहिती देणारं पुस्तक छापलं. तेव्हा पॅरिसच्या हद्दीत असे सुमारे १८०० माळी होते. एकेकाकडे सरासरी दोन एकरांहून कमी जमीन, आणि तीही शहरातली, म्हणजे महाग. त्यामुळे इंचन् इंच पिकवणं भागच होतं.

त्यांचं भांडवल म्हणजे घोड्याची लीद. पॅरिसमध्ये तेव्हा सगळं घोड्यांवर चालायचं. माळी रात्री भाजी भरून ले आलच्या बाजारात गाडी न्यायचा आणि परतताना तबेल्यातली लीद भरून आणायचा. हिवाळ्यात ताज्या लिदीचा दीड-दोन फूट उंच थर रचायचा, त्यावर जुनी, पूर्ण कुजून काळी झालेली लीद पसरायची, वर काचेची चौकट किंवा काचेची घंटा ठेवायची. खाली लीद कुजताना तापते, वर काच ती ऊब धरून ठेवते. बाहेर बर्फ असताना आत मुळा आणि सॅलडची पानं. एकाच वाफ्यात मुळा, सॅलड आणि गाजर पेरायचं: मुळा आधी निघतो, मग सॅलड, तोवर गाजराला जागा मोकळी.

ऊब संपली तरी ती लीद फुकट जात नसे. अर्धवट कुजलेली उन्हाळ्यात वाफ्यांवर आच्छादन म्हणून पसरत. झारीने रोज पाणी घालताना मातीवर पापडी धरत नसे, ओल टिकत असे. पूर्ण कुजलेली पुढच्या वाफ्याची माती होई. क्रोपॉटकिनने पाँस नावाच्या माळ्याचा हिशेब दिला आहे: २.७ एकर, आठ माणसं, वर्षाला एक लाख किलोहून जास्त भाजी, त्यात सॅलडचे १,५४,००० गड्डे. शिवाय माती इतकी तयार व्हायची की दरवर्षी २५० घनयार्ड विकावी लागे! असा माळी डांबरी रस्त्यावरही पीक काढेल, असं क्रोपॉटकिन म्हणतो. गच्चीवर शेती करणाऱ्या मला हे वाक्य फारच सुखावून गेलं.

पण हे रोमँटिक नव्हतं. पहाटेपासून रात्रीपर्यंत सगळं कुटुंब राबायचं. शिवाय आमच्या भाषेत सांगायचं तर या सिस्टिमची एक डिपेंडन्सी कुणाच्या ध्यानातच नव्हती. शहर पसरलं, १८६० मध्ये हद्द वाढली, माळी आपापली माती घेऊन बाहेर सरकत गेले. इथवर करारातली अट कामी आली. नंतर मोटारी आल्या, तबेले रिकामे झाले. माती गाडीत भरून नेता येत होती, पण ती ज्यातून बनायची ती लीदच संपली. त्यावर कुठल्याच करारात कलम नव्हतं.

पुढे १९६७ मध्ये ॲलन चॅडविक या इंग्रज माळ्याने कॅलिफोर्नियात सांताक्रूझच्या विद्यापीठात बाग उभी केली, तेव्हा त्याने या पद्धतीतलं घोड्यांवाचून चालेल तेवढं उचललं: खोल खणलेले उंच वाफे, दाट लागवड, कंपोस्ट. १९७४ मध्ये जॉन जेव्हन्सने त्यावर पुस्तक लिहिलं, आणि आज गादीवाफ्यांचे जे व्हिडिओ आपण बघतो त्यातल्या बऱ्याच गोष्टी त्या वाटेने आल्या आहेत.

हे सगळं वाचल्यावर मालकांशी भांडायचा माझा जोर जरा ओसरला. माती मी बनवली म्हणताना झाडणारे काका आणि रसवंतीवाले आठवायला लागले. पाला त्यांनी जाळायचा थांबवला, गोळा करून ठेवला, म्हणून तर वाफे झाले. नव्या घराजवळ रसवंती नाही, हेही तेव्हाच लक्षात आलं.

शेवटी एक वाफा ठेवला आणि दोन उपसले. ३८ गोणी भरल्या. टेम्पोवाल्याने गोणीत हात घालून बघितलं आणि म्हणाला, "ताई, माती तिकडे मिळत नाही का?" नव्या घराच्या करारात एजंटला मी एक ओळ वाढवायला सांगितली आहे. त्याने 'कुंड्या व झाडे' असं टाइप करून पाठवलंय. माती हा शब्द घालायला मी परत मेसेज केला आहे. अजून निळ्या टिका आलेल्या नाहीत.